टांगणीला लागलेले जीव

चार्ल्स विल्यम्सची मी वाचलेली पहिली कादंबरी मुखपृष्ठाशिवाय होती. आमच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक आल्याआल्या बाइंडरकडे जायचं. तो मूळ कव्हर काढून टाकायचा, जाड पुठ्ठे लावायचा, पाठीला काळी कापडी पट्टी, वर खाकी कागद आणि कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी. शेक्सपिअर असो की शिवणकामाचं पुस्तक, सगळे एकाच गणवेशात. त्यामुळे 'हेल हॅथ नो फ्युरी' हाती आली तेव्हा ती कोणत्या जातकुळीची आहे हे कळायला मार्ग नव्हता. टेक्ससमधलं एक छोटं गाव, जुन्या मोटारी विकणारा एक सेल्समन, अंगाची लाही करणारा उन्हाळा. गावात आग लागली की झाडून सगळे तिकडे धावतात आणि बँक उघडी पडते, हे त्याच्या लक्षात येतं. बस, एवढंच. पुढची सगळी पानं म्हणजे हे लक्षात आल्याची फळं. शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्याआधीच्या कुणा सभासदाने पेन्सिलीने शेरा मारला होता : 'शेवट वाईट. तरी वाचावे.' या साहित्याची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात अजून आलेली नाही.

या जातीच्या पुस्तकांची मूळ कव्हरं मी फार उशिरा पाहिली आणि हसू आवरेना. अर्धवट घसरलेला ब्लाउज, विस्कटलेला पलंग, दारात हॅट घातलेला पुरुष, त्याच्या हातात पिस्तूल किंवा सिगरेट, क्वचित दोन्ही. रॉबर्ट मॅकगिनिस, बॅरी फिलिप्स यांच्यासारखे खरोखरचे कसबी चित्रकार ही चित्रं काढत. एकट्या मॅकगिनिसच्या नावावर हजाराहून जास्त कव्हरं आहेत. चित्र वचन देई मौजमजेचं. आत मात्र निघे थकलेला हप्ता, फसलेला हिशेब, घामाने भिजलेला सदरा आणि पहाटे तीन वाजता टक्क जागा असलेला माणूस. बाइंडरने नकळत माझ्यावर उपकारच केले. ज्यांनी कव्हरासकट ही पुस्तकं पाहिली, त्यांनी ती एक तर लपवून वाचली किंवा नाक मुरडून वाचलीच नाहीत.

हे पुस्तक त्या कव्हरांच्या आत बसून लिहिणाऱ्यांविषयी आहे. काळ साधारण १९४५ ते १९६५, देश अमेरिका.

अमेरिकेत स्वस्त पेपरबॅकची खरी सुरुवात १९३९ साली झाली. रॉबर्ट द ग्राफ याने 'पॉकेट बुक्स' काढलं, किंमत पंचवीस सेंट. पहिल्या दहा पुस्तकांत शेक्सपिअरची नाटकं होती, 'वदरिंग हाइट्स' होती आणि अगाथा ख्रिस्तीचा 'रॉजर अ‍ॅक्रॉइड'ही होता. मग युद्ध आलं. सैनिकांना फुकट वाटायला गणवेशाच्या खिशात मावतील अशी आडवी पुस्तकं छापली गेली, १९४३ ते १९४७ या काळात बारा कोटींहून जास्त प्रती. घरी पुस्तकाला हात न लावलेली लाखो पोरं खंदकात, जहाजावर, दवाखान्याच्या खाटेवर वाचायला शिकली. ती परत आली तेव्हा त्यांना वाचायला हवं होतं, पण पुस्तकांच्या दुकानात शिरायची सवय नव्हती. शिरायला दुकानंही फारशी नव्हती. म्हणून पेपरबॅक वर्तमानपत्रं-मासिकं वाटणाऱ्यांच्या गाड्यांतून गेली : औषधांच्या दुकानात, बसस्टँडवर, रेल्वेच्या स्टॉलवर, सिगरेटच्या गल्ल्याशेजारी. तारेचा फिरता स्टँड, त्यावर महिनाभराचा मुक्काम. खपलं नाही की दुकानदार नुसतं कव्हर फाडून परत पाठवी, बाकीचं पुस्तक रद्दीत. मासिकाला जितकं आयुष्य, तितकंच कादंबरीला.

पण हे सगळं पुनर्मुद्रण होतं. आधी पुठ्ठ्याच्या बांधणीत निघालेलं पुस्तक वर्षभराने स्वस्तात. त्यातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला अर्धा वाटा मूळ प्रकाशक ठेवून घेई. हे गणित बदललं ते एका करारातल्या अडसरामुळे. फॉसेट ही मासिकांची कंपनी दुसऱ्या एका पेपरबॅक प्रकाशनाचं वितरण करत होती आणि तुम्ही स्वतः पुनर्मुद्रणं काढायची नाहीत, अशी अट तिच्यावर होती. फॉसेटने विचार केला, पुनर्मुद्रण नाही ना, मग मूळच काढू. १९५० साली 'गोल्ड मेडल' ही मालिका जोरात सुरू झाली : आधी कुठेही न छापलेली, थेट पेपरबॅकमध्ये येणारी कादंबरी. पळवाटेतून साहित्याचा एक प्रवाह वाहू लागल्याची उदाहरणं कमी असतील.

मराठी लेखकाने पुढचं वाक्य बसून वाचावं. गोल्ड मेडल मानधन देई ते खपलेल्या प्रतींवर नाही, छापलेल्या प्रतींवर. प्रतीमागे साधारण एक सेंट. पहिली छपाई दोन लाखांची असेल तर दोन हजार डॉलर हातात. पुढे स्टँडवर पुस्तक पडून राहिलं तर तो प्रकाशकाचा प्रश्न. पुन्हा छापलं तर पुन्हा पैसे. मासिकांच्या कथा शब्दावर विकून पोट भरणाऱ्या लेखकांना हे स्वप्नच वाटलं असणार. ते धावत आले. हॅरी व्हिटिंग्टनने आयुष्यभरात दीडशेहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. गिल ब्रूअर, डे कीन, पीटर रेब अशी नावंच नावं. साठ हजार शब्दांच्या आसपास मजकूर, दीड-दोन महिन्यांत एक पुस्तक, पहिल्या पानावर संकट, आणि कंटाळा आणलात तर परत भेटायचं नाही. मोठ्या वृत्तपत्रांत यांची परीक्षणं सहसा येत नसत. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अँथनी बाउचर हा एक समीक्षक मात्र ही पुस्तकं मनापासून वाचायचा आणि त्यांच्यावर लिहायचा.

मला म्हणायचंय ते इथेच आहे. कुणी बघत नव्हतं म्हणून या लोकांना खरं लिहिता आलं. प्रतिष्ठित अमेरिकन कादंबरीच्या मागे समीक्षक, विद्यापीठं, बक्षिसांच्या समित्या उभ्या होत्या. या मंडळींच्या मागे फक्त घरभाडं. संपादकाला कव्हरला शोभेल असा एखादा प्रसंग दिला आणि पानं भरली की बाकी जागा लेखकाची. त्या मोकळ्या जागेत त्यांनी काय मांडलं? युद्ध जिंकलेल्या, मोटारी आणि फ्रिज हप्त्याने घेणाऱ्या, सुखी म्हणवणाऱ्या देशातल्या माणसाची पैशाची भीती. त्यांचे नायक सेल्समन आहेत, वसुली करणारे आहेत, बस चालवणारे आहेत. अट्टल गुन्हेगार त्यात क्वचितच. एकदाच, थोडंसं, कुणाला कळणार नाही असं काहीतरी करून सुटायचं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. 'एवढ्याने काय होतंय' हे वाक्य मनात आलं की समजावं, माणूस गेला.

म्हणून यांना रहस्यकथा म्हणायला माझं मन घेत नाही. रहस्य आहेच कुठे? खून कोणी केला हे आपल्याला ठाऊक असतं. बहुतेक वेळा तोच आपल्याला गोष्ट सांगत असतो. इंग्रजीतला 'सस्पेन्स' हा शब्द टांगून ठेवण्यावरून आला आणि मराठीत त्यासाठी वापरतात ती 'उत्कंठा' फारच सोवळी आहे. आपला जुना वाक्प्रचार जास्त बरा, जीव टांगणीला लागणं. त्याच दशकांत आपल्याकडे बाबुराव अर्नाळकर हजाराच्या घरात रहस्यकथा लिहीत होते आणि पोरं त्या शाळेच्या पुस्तकात लपवून वाचत होती. वाचण्याची रीत तीच, कागदही तितकाच हलका. पण अर्नाळकरांकडे वेळेला झुंजार येतो. धनंजय आणि छोटू येतात. या अमेरिकनांकडे कुणीही येत नाही.

जिम थॉम्पसनकडे तर येणारा माणूस कायद्याचा असतो, आणि खून तोच करतो. थॉम्पसन १९०६ साली ओक्लाहोमातल्या अ‍ॅनाडार्कोत जन्मला. बाप तिथला शेरीफ. हॉटेलात नोकरी, तेलविहिरींवर मजुरी, वर्तमानपत्रं, दारू, असं करत चाळिशी ओलांडल्यावर त्याला 'लायन बुक्स' हे छोटं प्रकाशन आणि आर्नल्ड हॅनो हा संपादक भेटला. १९५२ साली आलेली 'द किलर इनसाइड मी' ही कादंबरी टेक्ससमधला डेप्युटी शेरीफ लू फोर्ड आपल्याला सांगतो. लू सगळ्यांशी गोड बोलतो आणि बोलतो ते फक्त सुविचार. फळ्यावर रोज सकाळी लिहितात तसे. समोरचा अदबीने ऐकून घेतो, आतून कंटाळून मरतो, आणि लूला त्यातच आनंद. मारहाण करता येत नाही तेव्हा तो सुभाषितांनी मारतो. हिंसेचं इतकं विनोदी आणि इतकं भयंकर चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आपल्या घरातले, बँकेतले, समारंभातले काही गोडबोले ही कादंबरी वाचल्यावर वेगळेच दिसू लागतात. पुढे स्टॅनली कुब्रिकने थॉम्पसनला 'द किलिंग' आणि 'पाथ्स ऑफ ग्लोरी' या चित्रपटांच्या लेखनासाठी घेतलं. त्यातून नाव झालं ते कुब्रिकचं. थॉम्पसन १९७७ साली गेला तेव्हा त्याचं एकही पुस्तक अमेरिकेत छापात नव्हतं. हस्तलिखितं सांभाळून ठेव, दहा वर्षांत मी प्रसिद्ध होईन, असं तो बायकोला सांगून गेला, आणि हिशेब जवळपास बरोबर निघाला.

डेव्हिड गुडिसचा हिशेब मात्र कधीच जुळला नाही. फिलाडेल्फियाचा हा मुलगा तिशीच्या आत यशस्वी झाला. 'डार्क पॅसेज' या त्याच्या कादंबरीवर १९४७ साली बोगार्ट आणि बकॉलचा चित्रपट आला, वॉर्नर ब्रदर्सशी लेखनाचा करार झाला. १९५० साली सगळं सोडून तो फिलाडेल्फियाला आईवडिलांकडे आणि मानसिक आजार असलेल्या भावाकडे परतला. तिथल्या खोलीत बसून त्याने गोल्ड मेडल आणि लायनसाठी कादंबऱ्या लिहिल्या. 'कॅसिडीज गर्ल' दहा लाखांहून जास्त खपली. सगळ्यांत एकच गोष्ट : वर असलेला माणूस खाली येतो, आणि खालीच राहावं असं त्याला वाटू लागतं. 'डाउन देअर'मधला एडी एकेकाळी कार्नेगी हॉलमध्ये पियानो वाजवायचा. आता बंदरालगतच्या एका गुत्त्यात तळीरामांसाठी वाजवतो, कुणाशी बोलत नाही, हसतो फक्त. गुडिसची वाक्यं कधी कधी स्वतःभोवतीच घुटमळतात, सराईत संपादकाने निम्मी छाटली असती. ती छाटली गेली नाहीत हे आपलं नशीब, कारण पडलेला माणूस विचार करतो तो तसाच, त्याच त्या खांबाभोवती. 'द फ्युजिटिव्ह' ही टीव्ही मालिका आपल्या 'डार्क पॅसेज'वरून उचलली, असा दावा त्याने कोर्टात लावला. १९६७ च्या जानेवारीत, एकोणपन्नासाव्या वर्षी तो वारला. दावा त्याच्यानंतरही चालू राहिला आणि पुढे तडजोडीत मिटला.

या गर्दीत बायका कुठे होत्या, हा प्रश्न मला सुरुवातीला पडलाच नाही, याची आता लाज वाटते. डोरोथी बी. ह्यूज यांची 'इन अ लोनली प्लेस' १९४७ सालची. आधी पुठ्ठ्याच्या बांधणीत, मग पेपरबॅकमध्ये. लॉस एंजेलिसमध्ये धुक्यातून बायकांचा पाठलाग करणारा माजी वैमानिक डिक्स स्टील याच्या डोक्यात बसून ती लिहिलेली आहे. एकही खून प्रत्यक्ष दाखवलेला नाही. तरीही बाईंनी या माणसाच्या अहंकाराची, स्वतःची कीव करण्याची, मित्राच्या पैशावर जळण्याची अशी काही चिरफाड केली आहे की पुरुष वाचकाने एकदा आरशात बघून यावं. हॉलिवूडला हे झेपलं नाही. १९५०च्या चित्रपटात तो निर्दोष निघतो. पॅट्रिशिया हायस्मिथ तर आता सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या पहिल्याच कादंबरीवर, 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'वर हिचकॉकने १९५१ साली चित्रपट काढला. मेरिजेन मीकर यांनी 'व्हिन पॅकर' हे पुरुषी वाटणारं नाव घेऊन गोल्ड मेडलसाठी लिहिलं. डोलोरेस हिचेन्स यांची 'फूल्स गोल्ड' गोदारने 'बांद आ पार्त'साठी घेतली. कव्हरावर बाई म्हणजे गळ. आत लिहिणारी बाई मात्र गळ टाकणाऱ्याचं पोट फाडून बघत होती.

सगळेच भिकेला लागले असंही नाही. जॉन डी. मॅकडोनाल्ड हार्वर्डचा एमबीए. युद्धात त्याची नेमणूक चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर होती. पत्रं सेन्सॉर होत, म्हणून बायकोला पत्राऐवजी त्याने एक कथाच लिहून पाठवली. तिने ती त्याला न विचारता 'स्टोरी' मासिकाला दिली आणि पंचवीस डॉलर आले. कथेचं नाव 'इंटरल्यूड इन इंडिया'. परतल्यावर त्याने नोकरी न धरता चार महिन्यांत आठ लाख शब्द लिहिले आणि वीस पौंड वजन घटवलं. १९५० पासून तो गोल्ड मेडलचा लेखक झाला. 'द एक्झिक्यूशनर्स' या त्याच्या कादंबरीवरून 'केप फिअर' दोनदा आला. फ्लोरिडाचे किनारे बिल्डरांनी कसे गिळले हे त्याच्याइतकं संतापून कुणी सांगितलं नसेल. त्याच्याकडे जमीन बळकावणं हा खुनाइतकाच गुन्हा असतो. मुंबई-गोव्याच्या वाचकाला तो पटकन कळतो.

मिकी स्पिलेन या पुस्तकात नाही, हे आधीच सांगतो. 'आय, द ज्युरी' पेपरबॅकमध्ये लाखोंनी खपली नसती तर बाकीच्यांना दारं उघडली नसती, हे मान्य. पण त्याचा नायक माइक हॅमर कधी हरत नाही. न हरणाऱ्या माणसाविषयी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

या पुस्तकांतले दोषही झाकायला नकोत. पुष्कळ पुस्तकं खरोखरच वाईट आहेत, घाईत लिहिलेली, एकीतला कट दुसरीत वापरलेली. बाईचं वर्णन सुरू झालं की लेखकाची अक्कल पानभर रजेवर जाते. काळा माणूस बहुतेक ठिकाणी आहे तो सामान उचलायला किंवा संशयित म्हणून उभा राहायला. म्हणूनच चेस्टर हाइम्सला मी इथे मुद्दाम मोठी जागा दिली आहे. ओहायोच्या तुरुंगात लिहायला लागलेला हा लेखक अमेरिकेतल्या वर्णद्वेषाला कंटाळून पॅरिसला गेला. तिथे मार्सेल द्युआमेल या फ्रेंच संपादकाने त्याला गुन्हेगारी कादंबरी लिहायचा आग्रह केला. हार्लेमपासून समुद्रापल्याड बसून त्याने हार्लेम लिहिलं, कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर या दोन काळ्या पोलिसांसकट, इतकं अचाट आणि हसता हसता रक्त काढणारं की १९५८ साली फ्रान्सचं गुन्हेगारी साहित्याचं मोठं पारितोषिक त्याला मिळालं. मायदेशात ही पारितोषिक मिळालेली कादंबरी गोल्ड मेडलच्या स्टँडवर पडून होती.

या लेखकांना लेखक मानलं ते फ्रेंचांनीच. द्युआमेलने १९४५ साली गॅलिमार प्रकाशनासाठी 'सेरी न्वार' ही मालिका सुरू केली. तिचं नाव कवी जाक प्रेव्हेरने सुचवलेलं. गुडिसच्या 'डाउन देअर'वर त्रुफोने १९६० साली 'शूट द पियानो प्लेअर' केला. त्याचा अगदी शेवटचा चित्रपटही चार्ल्स विल्यम्सच्या कादंबरीवर आहे. विल्यम्सने तो पाहिला नाही. त्याने १९७५ साली आत्महत्या केली होती.

आपल्याकडे हा धागा कुठून कुठे आला हे बघायचं तर 'मुंगडा' आठवा. 'इन्कार' या १९७७च्या चित्रपटातलं गुत्त्यातलं हेलनचं गाणं. तो चित्रपट अकिरा कुरोसावाच्या 'हाय अँड लो'वरून घेतलेला, आणि 'हाय अँड लो' एड मॅकबेनच्या 'किंग्ज रॅन्सम'वरून. ही कादंबरी मॅकबेनच्या ज्या पोलिसठाण्याच्या मालिकेतली, ती १९५६ साली थेट पेपरबॅकमध्ये सुरू झाली होती. गणपतीच्या मांडवात 'मुंगडा'वर नाचणाऱ्या पोरांना अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानातला तो तारेचा स्टँड ठाऊक असायचं कारण नाही.

पुढच्या लेखांचा क्रम कालानुसार नाही. नव्या वाचकाने विल्यम्सपासून सुरुवात करावी; त्याचं गद्य स्वच्छ आहे आणि तो हळूहळू फास आवळतो. मग ह्यूज, मग थॉम्पसन. गुडिस सर्वांत शेवटी आणि शक्यतो पावसाळ्यात नको. उतारे मी स्वतः मराठीत आणले आहेत. संवादांत तिथल्या गुंडांना मुंबईची टपोरी भाषा द्यायचा मोह मी टाळला. टेक्ससच्या उन्हात ती विचित्र वाटते.

पुस्तकांची नावं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, आणि त्याला कारण आहे. थॉम्पसनच्या एका कादंबरीचं नाव आहे 'पॉप. १२८०', म्हणजे गावाच्या वेशीवरच्या पाटीवर असते तशी लोकसंख्या. १९६६ साली 'सेरी न्वार'चं हजारावं पुस्तक म्हणून ती फ्रेंचमध्ये आली. भाषांतर खुद्द द्युआमेलचं. फ्रेंच नावाचा अर्थ, '१२७५ जीव'. मधले पाच जण कुठे गेले यावर फ्रान्समध्ये इतकी चर्चा झाली की पुढे एका लेखकाने त्यांना शोधण्यावरच कादंबरी लिहिली. या पुस्तकात गावाची लोकसंख्या पूर्ण १२८० आहे. मी मोजून घेतली आहे.